वाढत्या अंगाचा सूट

ओझेला गॅस्किन्स माणसाला आधी खांद्यांपासून बघायची, तोंड नंतर. फिलाडेल्फियाच्या उत्तर भागातल्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, मागच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून चाळीस वर्षं तिने लोकांचे कोट सैल केले, पँटी आखूड केल्या, पोट सुटलेल्यांना पोट नसल्यासारखं दाखवलं. चर्चमध्ये नवा पाद्री आला तेव्हा सगळ्यांनी त्याचं प्रवचन ऐकलं, हिने त्याच्या बाह्या बघितल्या. दारातून बाहेर पडताना हात मिळवला आणि सांगून टाकलं की, देवाचं काम उत्तम करता हो, पण उजवी बाही पाऊण इंच लांब आहे, मंगळवारी आणून द्या.

अशा या बाईकडे तिच्या एकुलत्या एका मुलाचं फीत लावून घेतलेलं शेवटचं माप कोवळ्या वयातलं होतं. पंधरा वर्षं.

ते घेतलं होतं एकोणीसशे त्र्याण्णवच्या ईस्टरला. नवरा वेंडेल बस चालवायचा. दोन वर्षांपूर्वी बसच्या डेपोतच छातीत कळ येऊन गेला होता. त्याचा गडद निळा सूट कपाटात लटकत होता आणि रॉडरिक बघता बघता बापाच्या उंचीला आला होता. पाच फूट अकरा इंच. अंगात मात्र काही नव्हतं, नुसता बांबू. तिने त्याला स्वयंपाकघरात स्टुलावर उभं केलं, तोंडात टाचण्या धरल्या आणि सूट आत घेऊन लहान करायला लागली. पोरगं एका जागी उभं राहील तर शपथ. मधेच टीव्हीवरचं कार्टून बघायला मान वळवायचा, मधेच चमच्यांनी टेबलावर ताल धरायचा. शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा तो.

"बाळा, टाचणी टोचली तर ओरडू नकोस मग."

"मम्मा, खाली एवढं कापड का दुमडतेस? पाय जड लागतात."

"कारण तू अजून वाढणार आहेस."

तीन इंच ठेवलं होतं तिने पँटच्या आत, जुन्या दुमडीचंही न कापता. बाह्यांत दोन. वाढत्या अंगाच्या पोराचा कपडा असाच शिवायचा, हे तिला आईने शिकवलं होतं आणि आईला तिच्या आईने, साउथ कॅरोलायनात, कंदिलाच्या उजेडात.

त्या जुलैत रॉडरिकचा आतेभाऊ, बावीस वर्षांचा कर्टिस, त्याला म्हणाला, चल, दोन मिनिटांचं काम आहे, तू नुसता दारात उभा राहा. कोपऱ्यावर पर्नेल स्टॅफर्ड यांचं दुकान होतं. काउंटरवर लोणच्याच्या काकड्यांची मोठी बरणी ठेवलेली असे, आणि रॉडरिक लहानपणापासून तिथली काकडी खात आला होता. तो दारात उभा राहिला. आत कर्टिसने पिस्तूल काढलं, म्हातारा गल्ला वाचवायला आडवा झाला, आणि गोळी सुटली.

ओझेला कामावरून आली तेव्हा रॉडरिक न्हाणीघरात होता. कोरड्या टबमध्ये, कपड्यांसकट, गुडघे छातीशी घेऊन बसलेला. पाणी सोडलेलं नव्हतं. तिला बघून म्हणाला, "मम्मा, मिस्टर पर्नेल पडलेत. त्यांना कुणीतरी उठवायला पाहिजे."

त्या राज्याच्या कायद्यात दारात उभा राहिलेला आणि गोळी घातलेला यांत फरक नव्हता. पण वय पंधरा होतं म्हणून एक फट शिल्लक होती. सरकारने दिलेल्या वकिलाने, जो घाईघाईत उभ्या उभ्याच बोलायचा, तिला सांगितलं की ऑक्टोबरमध्ये जजसाहेब मुलाला समोर बघतील आणि ठरवतील, हा लहान मुलांच्या कोर्टात जायचा की मोठ्यांच्या. लहान मुलांच्या कोर्टात गेला तर फार तर एकविसाव्या वर्षी घरी. मोठ्यांच्या कोर्टात दोषी ठरला तर मरेपर्यंत आत, सुटका नाही.

म्हणजे सगळं त्या एका सकाळवर होतं. आणि ओझेलाला वाटलं, आपल्याला निदान एवढं तरी येतं.

तिचे वडील सांगायचे, त्या गोऱ्या लोकांपुढे जायचं तर अंगावरचं सगळ्यात चांगलं घालून जा. पाठ ताठ ठेव. हो साहेब, नाही साहेब. डोळ्यांत पाणी दिसता कामा नये. आपलं पोरगं गबाळं दिसलं की त्यांना अर्धा गुन्हा तिथेच दिसतो, आणि रडलं की उरलेला अर्धा. वस्तीतल्या प्रत्येक घरात हेच शिकवलं जाई. चर्चमधल्या बायकांनीही तेच सांगितलं. कुणी टाय दिला, कुणी बूट. ओझेलाने वेंडेलचा निळा सूट पुन्हा काढला. तुरुंगात पोर आणखी वाळलं होतं, खांदे पडले होते. तिने कोटाच्या खांद्यांत पॅड घातले, चांगले जाड. मग काचेपलीकडून फोनवर त्याला धडा दिला.

"वडिलांसारखं बसायचं. हलायचं नाही. आणि रडायचं तर अजिबात नाही, ऐकतोयस ना? एक थेंब दिसता कामा नये मला."

"आणि रडू आलं तर?"

"तर जीभ चाव."

त्याने ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदाच पोरगं दोन तास हललं नाही. मिस्टर पर्नेलच्या रक्ताचे फोटो दाखवले तेव्हाही नाही. ओझेला मागच्या बाकावर अभिमानाने बसली होती. हो, अभिमानाने. पुढे कित्येक वर्षं ती हाच शब्द उष्ट्या घासासारखा तोंडात घोळवत राहिली. जजसाहेबांनी निकाल वाचला, त्यात एक वाक्य होतं: माझ्यासमोर बसलेला हा आरोपी शरीराने आणि वागण्याने पूर्ण वाढलेला पुरुष आहे, आणि साऱ्या कामकाजात त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाची रेघही उमटलेली मला दिसली नाही.

फट बंद झाली. पुढच्या वर्षी जन्मठेप झाली, सुटकेशिवाय. सूट एका पिशवीत घालून तिला परत दिला गेला. तिने तो दुकानात स्वच्छ केला, प्लास्टिकच्या आवरणात घातला आणि कपाटाच्या तळाशी ठेवला.

जिभेची गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. रॉडरिकनेही कधी काढली नाही.

तुरुंग डोंगरात होता, पाच तासांवर. चर्चची बस महिन्यातून एकदा जायची. भेटीच्या खोलीत दोन मिठ्या मिळायच्या, एक आल्यावर, एक निघताना. ओझेला त्या मिठीतच माप घ्यायची. पहिल्या वर्षी तिचं कपाळ त्याच्या गळ्याशी यायचं. अठराव्या वर्षी छातीच्या हाडाशी यायला लागलं. दोन इंच वाढला होता, त्यांनी पूर्ण पुरुष म्हणून आत घातल्यावर. मग छाती भरली, मग पोट आलं, मग तिशीच्या पुढे कानाशी पांढरं दिसायला लागलं. परतीच्या बसमध्ये ती आकडे पुटपुटायची, आणि शेजारी बसलेली सिस्टर अर्लीन म्हणायची, "अगं बाई, प्रार्थना करतेयस की गिऱ्हाईक घेतेयस?"

अर्लीन ही चर्चमधली मैत्रीण. सहा मुलं वाढवलेली, दोन नवरे पुरलेले, जिभेला हाड नाही. चोवीस वर्षं बसमध्ये खिडकीची जागा तिने ओझेलाला सोडली आणि तेवढ्याबद्दल दर वेळी टोमणा मारला.

मग वरच्या कोर्टाने ठरवलं की लहान वयात दिलेल्या असल्या शिक्षा पुन्हा तपासायच्या. हॅलोरन नावाची एक तरुण वकीलबाई घरी आली. ही बसून बोलायची, आणि शेंगदाण्यांचं सूप पुढे केलं तर दोनदा घ्यायची. तिने सांगितलं की आता मेंदूचे डॉक्टर साक्ष देतात. मग जुन्या कागदांतलं ते वाक्य मोठ्याने वाचलं. पूर्ण वाढलेला पुरुष, पश्चात्तापाची रेघ नाही.

"सरकारी वकील याच वाक्यावर उभे राहणार," हॅलोरन म्हणाली. "पंधरा वर्षांचा मुलगा इतका दगडासारखा कसा बसला, मिसेस गॅस्किन्स? तुम्हाला काही आठवतं?"

ओझेला उठून सूप ढवळायला गेली. आठवत नाही म्हणाली.

अर्लीन तिथेच बसली होती. वकीलबाई गेल्यावर तिने विचारलं, खोटं का बोललीस? ओझेलाने खूप वेळ डाव रिकाम्या भांड्यात फिरवला. मग चोवीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. पॅड. टाय. जीभ. स्वतःच्या हातांनी तिने एका पोराला माणूस करून त्यांच्या ताब्यात दिलं होतं. हे आता कोर्टात बोलायचं म्हणजे त्याच्यासमोर बोलायचं.

अर्लीनने थट्टा केली नाही. "मग त्याच्यासमोरच बोल," एवढंच म्हणाली. "बाकी कुणाशी बोलणार?" ओझेलाने दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना फोन लावला.

सुनावणी दोन हजार सतराच्या नोव्हेंबरात झाली. ओझेला एकाहत्तर वर्षांची होती, पाय सुजलेले, हृदय निम्म्याहून कमी चालत होतं. हृदयाच्या डॉक्टरने दोन वर्षं म्हटलं होतं, देवाच्या मनात असलं तर तीन. हे तिने रॉडरिकला कळवलं नव्हतं. हातात प्लास्टिकच्या आवरणातला सूट आणि पर्समध्ये छोटी कात्री घेऊन ती कोर्टाच्या दाराशी आली. शिपायाने सूट उलटापालटा करून बघितला, कात्री काढून घेतली. ओझेलाने विनवलं की मला आत एक टीप उसवायची आहे. तो म्हणाला, आजी, इथे कुणाचं काय उसवायचं ते जजसाहेब ठरवतात.

आधी डॉक्टर बोलले. पडद्यावर मेंदूची चित्रं आली. कपाळामागचा हा भाग, ते म्हणाले, माणसाला आवरून धरतो, पुढे काय होईल ते दाखवतो, आणि हाच सगळ्यात शेवटी पिकतो, विशीच्या मध्यापर्यंत. शेजारी मोठा कुणी उभा असेल, छाती धडधडत असेल, तर पंधरा वर्षांच्या मुलाला पुढचं दिसत नाही. पण हा भाग अजून घडत असतो म्हणूनच असा मुलगा बदलू शकतो, बहुतेक बदलतोच.

"हे शोधायला एवढं मोठं यंत्र लागलं?" अर्लीन कानाशी पुटपुटली. "मला विचारायचं. सहा जणांत एकाच्याही कपाळामागे काही नव्हतं."

मग पर्नेल स्टॅफर्ड यांची मुलगी डोरेथा उभी राहिली. करड्या कोटातली एक शांत बाई. ओझेलाने सवयीने खांदे बघितले आणि लगेच नजर वळवली, कारण ते बापाचेच होते. डोरेथा कागद न बघता बोलली.

"तो पंधरा वर्षांचा होता, मला मान्य आहे. मी सतरा वर्षांची होते. दुकानाची फरशी मी धुतली. माझ्या मेंदूचं चित्र कुणी काढलं नाही."

तिने काही मागितलं नाही, एवढं बोलून ती बसली. ओझेलाला वाटलं, आता आपण कुठल्या तोंडाने उठायचं? पण हॅलोरनने नाव पुकारलं.

रॉडरिक मधल्या टेबलाशी बसला होता. एकोणचाळीस वर्षांचा, चष्मा लावलेला, पाठ ताठ. हात मांडीवर. अगदी तसाच. तिने शिकवलेला.

तिने सूट आवरणातून काढला आणि समोरच्या कठड्यावर पसरला.

"जजसाहेब, त्या दिवशी त्याने हा घातला होता. माझ्या नवऱ्याचा आहे. हे खांदे माझ्या पोराचे नाहीत, मी भरलेत. तेव्हाच्या साहेबांनी लिहिलं की पूर्ण वाढलेला माणूस. त्यांची चूक नाही, मी शिवणारी चांगली होते."

कुणीतरी हसायला गेलं आणि थांबलं.

"आणि त्यांनी लिहिलं की रडला नाही. मी सांगितलं होतं रडू नकोस म्हणून. त्याने विचारलं, रडू आलं तर? मी म्हटलं, जीभ चाव." तिने कोटाची कॉलर सरळ केली. "जेलच्या डॉक्टरांच्या कागदात आहे ते, वकीलबाईंनी परवा दाखवलं. ऑक्टोबर महिना, जिभेला तीन टाके. मला चोवीस वर्षं माहीत नव्हतं. मला कुणी काही सांगत नाही."

टेबलाशी काहीतरी हललं. तिने तिकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर पुढचं राहून गेलं असतं. तिने पँट उलटी केली. कात्री दारावर होती. मग तिने दुमड तोंडाशी नेली आणि दुकानात हजारदा केलं तसं दातांनी टाका तोडला, बोटाने टीप उसवत नेली. आतलं कापड खाली सुटलं. बाकीची पँट वेंडेलने वापरून वापरून फिकी झालेली, हा तीन इंचांचा पट्टा मात्र गडद निळा, नवा कोरा.

"हे बघा. हे मी ठेवलं होतं. पुरुषाच्या पँटीत एवढं कापड कुणी ठेवत नाही. मला माहीत होतं तो अजून वाढायचा आहे. मला माहीत होतं, आणि मी ते आत दुमडून टाकलं."

तेव्हा तिने बघितलं. रॉडरिकची पाठ वाकली होती. तो दोन्ही हातांत तोंड घालून रडत होता, कोरड्या टबात रडला असता तसा, आवाज करून. कोर्टातला पहारेकरी एक पाऊल पुढे आला, जजसाहेबांनी हाताने थांबवलं.

दुपारनंतर निकाल आला. सरकारने पंचेचाळीस वर्षं मागितली होती. जजसाहेब म्हणाले की पंधरा वर्षांच्या मुलाला कायमचा निकामी ठरवणं चूक होतं, आणि स्टॅफर्ड कुटुंबाने जे गमावलं तेही कमी नाही. तीस वर्षं. त्यानंतर पॅरोल, म्हणजे अटींवर कायमची सुटका, मागता येईल.

हॅलोरनने तिला मिठी मारली. आपण जिंकलो, ती म्हणाली, सहाच वर्षं राहिली, तो नक्की घरी येणार. ओझेला हो हो म्हणत राहिली. सहा. देवाच्या मनात असलं तर तीन. उरलेली तीन कुठून आणायची ते कुणाच्या कायद्यात नव्हतं.

त्याला बाहेर नेताना खोलीभरच्या अंतरावरून तो म्हणाला, "मम्मा, बस आता. पाय सुजलेत तुझे."

"जीभ दुखली होती का रे?"

"दोन दिवस सूप प्यायलो फक्त. तुझ्या सुपासारखं नव्हतं."

त्या हिवाळ्यात ओझेलाने नवा सूट कापायला घेतला. कोळशाच्या रंगाचं लोकरीचं कापड, आत चॉकलेटी अस्तर. सहा वर्षं आधी कशाला, असं अर्लीनने विचारलं नाही. माप मिठीतून आणलं. पुढच्या भेटीत दोन्ही हात त्याच्या पाठीमागे नेऊन तिने बोटं कुठे पोचतात ते बघितलं, मग खांद्यापासून मनगटापर्यंत वीत टाकली. पहारेकरी बघत होता. रॉडरिक हसत कुजबुजला की मम्मा, तो समजतोय तू माझी झडती घेतेयस. ती म्हणाली, घेतेच आहे.

कोट उन्हाळ्यापर्यंत झाला. खांद्यांत पॅड नाहीत. त्याचे स्वतःचे खांदे, डावा थोडा उतरता, तसेच ठेवले. पण पँटच्या खालच्या कडेला येऊन तिचा हात थांबला. लांबी मिठीत कळत नाही. माणूस स्वतःचे बूट घालून समोर जमिनीवर उभा राहिला, तरच कळते. तिने ती कडा पांढऱ्या दोऱ्याने कच्च्या टाक्यांवर ठेवली. दुसऱ्या वर्षी मशीनचं पायडल दाबवेना. तिसऱ्या वर्षी जिना चढवेना, पलंग खाली आणला. बसचा प्रवास डॉक्टरने बंद केला, आणि फोनवर ती रॉडरिकला सांगत राहिली की पायच जरा सुजतात.

एका दुपारी तिने अर्लीनला बोलावून सूट तिच्या मांडीवर ठेवला. वर टाचण्यांची डबी.

"तो आला की त्याला स्वयंपाकघरात उभा कर. स्टुलावर नको आता, खाली. बूट घालून."

"ओझेला, मला बटण लावता येत नाही, माहीत आहे तुला. ते पँटीला कापड किती ठेवलंयस खाली? पंचेचाळिशीचा होईल तो. आणखी कुठे वाढणार?"

"असू दे. नेहमीचा हात आहे." तिने कडेवरून बोट फिरवलं. "कडा बुटाला टेकेल तिथे टाचण्या लावायच्या, एवढंच. मग कुठल्याही शिंप्याकडे दे. आणि ऐक. त्याला म्हणावं, ताठ उभा राहू नकोस. मी नसले की तो ताठ उभा राहील, मला माहीत आहे. त्याला म्हणावं, सैल सोड अंग. रडू आलं तर रड. सगळं रडून झालं की मग माप घे."

"आणि किती वेळ लागला तर?"

"तू बसून राहा," ओझेला म्हणाली. "खिडकीजवळची खुर्ची घे."